चुकवे सर आणि न लागलेले ठोसे

लग्नात अक्षता कुणाच्याही डोक्यावर पडतात. नवरा-नवरीवर फेकलेल्या मधल्या रांगेतल्या एखाद्या टकलावर पडतात, काही पंख्याला लागून भाताच्या पातेल्यात जातात, आणि कुणी काही म्हणत नाही. आमच्या कॉलेजात एक सर होते, त्यांच्या अंगावर मात्र अक्षतेचा दाणा पडल्याचं अख्ख्या दिग्रसमध्ये कुणी पाहिलेलं नाही. मंगलाष्टक संपलं रे संपलं की हे गृहस्थ मान डावीकडे काढायचे, मग उजवीकडे, मग गुडघ्यात जराशी लवण, की सगळे दाणे मागच्या बाईच्या अंबाड्यात. पोट्टे तर नवरा-नवरी सोडून सरांवरच नेम धरायचे. एकदा तर खुद्द नवरीनं बोहल्यावरून मूठभर अक्षता त्यांच्या दिशेनं हाणल्या. ती त्यांची विद्यार्थिनी होती, बिचारीचा नेमच चुकला. भटजींनी मंत्र थांबवून विचारलं, "झालं का तुमचं?"

आणि हे सगळं करणारं शरीर कसं, तर जिनिंगमधून बांधून आलेल्या कापसाच्या गाठीसारखं. चौकोनी आणि दाबून भरलेलं. त्या देहाला इतकं चपळ कुणी केलं, देव जाणे. जन्मात कधी हातात बॉक्सिंगचे ग्लोव्हज घातले नाहीत, रिंग डोळ्यांनी पाहिली नाही, आणि कुणाला साधी टपली मारली असेल तर शपथ. पण चोवीस तास डोक्यात एकच भुंगा: जगाच्या इतिहासात बचाव करणारा सगळ्यात मोठा बॉक्सर कोण? मारणारा नव्हे. न लागू देणारा.

"मारनारा एखांद्या वक्ती जिंकते, मॅडम," ते मला म्हणायचे, "पन न लागू देनारा रोज घरी जेवाले जाते."

ते ज्युनिअर कॉलेजला इतिहास शिकवायचे, मी गणित. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण पोट्ट्यांनी 'चुकवे सर' नाव पाडलं आणि ते असं चिकटलं की नव्यानं आलेल्या क्लार्कनं परीक्षेच्या ड्युटीच्या फळ्यावर सरळ 'श्री. चुकवे' लिहून टाकलं. आम्ही सगळ्या बाया पदर तोंडात कोंबून हसत होतो. सरांनी फळा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "बरोबर हाय." त्या दिवशी त्या चुकवे नावावर त्यांनी तीन तास सुपरव्हिजन केलं.

आता बॉक्सर लोकांची नावं मी इथं लिहू शकत नाही, कारण सरांनी ती आम्हाला कधी सांगितलीच नाहीत. "इंग्रजी नाव घ्याले गेलं का जीभ ठोसा खाते," हे त्यांचं म्हणणं. त्यांनी सगळ्यांचं बारसं घरच्या घरीच केलेलं होतं. एक 'खांदेवाला', तो नव्या सुनेनं पदराआड तोंड लपवावं तशी हनुवटी डाव्या खांद्याआड लपवायचा. एक 'लवणारा', तो इतका खाली जायचा की समोरचा त्याला हरवलेल्या चावीसारखा शोधायचा. मग 'नाच्या', हा आताचा, लहानपणी बापानं नाच शिकवला म्हणून पाय असे टाकतो की समोरच्याला वाटतं दोघं आहेत. आणि सरांचा सगळ्यात लाडका 'रुमालवाला'. तो फार जुना. जमिनीवर रुमाल अंथरायचा, त्यावर दोन पाय ठेवायचा आणि म्हणायचा, या, मारा. रुमालाबाहेर पाय न टाकता सगळे ठोसे चुकवायचा, अशी वदंता.

"वदंता!" केमिस्ट्रीचे सर टेबलावर हात आपटायचे. हे आमचे दुसरे नमुने, ठोसेवाल्यांचे कैवारी. चार दणके हाणले की विषय संपला, हे त्यांचं शास्त्र. "ऐकीव गोष्ट हाय ते सगळी. पुरावा कुठं हाय?"

"मी इतिहास शिकोतो," चुकवे सर शांतपणे म्हणायचे, "आन् तुमी मले पुरावा मांगता?"

बापा बापा, काय ते वाद! दोन डस्टर हातात घालून चुकवे सर खांदेवाल्याची हनुवटी दाखवतायत, खडूचा धुरळा उडतोय, मराठीच्या बाई शिंकतायत, चहावाला दारात थिजून उभा आहे. केमिस्ट्रीचे सर ओरडतायत, "न मारताच जिंकता येते तं मंग रिंगमंधी कायले जाता? घरीच बसा न!" आणि मग दोघंही वळून माझ्याकडे बघायचे. गणितवाल्या म्हणून न्यायाधीशी माझ्याकडे. मी एकही सामना पाहिलेला नव्हता, पण नाच्या मोठा की लवणारा यावर मी अशा ठसक्यानं निकाल द्यायचे की आता आठवलं तरी हसू येतं. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजताना डोक्यात तेच. एकदा तोंडून निघून गेलं आणि आमच्या ह्यांनी विचारलं, "हा रुमालवाला कोन हाय वो?" तेव्हा चांगलीच पंचाईत झाली होती.

स्टाफरूममध्ये सर बसायचे तेसुद्धा डावा खांदा पुढे काढून. चहा प्यायचे तो दोन्ही कोपरं बरगड्यांना लावून. वर्गात शिकवताना दरवाज्याचा पडदा वाऱ्यानं उडाला तर बोलणं न थांबवता वाकायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे, पानिपत चालूच. त्यांच्या वर्गातली मुलं इतिहासात पास व्हायची की नाही ते जाऊ द्या, पण बस स्टँडच्या गर्दीत त्यांच्या एकाही विद्यार्थ्याला कधी कुणाचा धक्का लागला नाही, असं सर छातीवर हात ठेवून सांगायचे.

एकदा मात्र खरोखरचा प्रसंग आला. एका पोट्ट्याचा बाप, चांगला पैलवानी गडी, तावातावानं स्टाफरूममध्ये शिरला. "माह्या पोराले भैताड कोन म्हनलं?" आमच्यापैकी प्रत्येकानं त्या बावळटाला ते कधी ना कधी म्हटलेलं होतं, त्यामुळे सगळ्यांनी माना वह्यांत घातल्या. चुकवे सर उठले. "मी म्हनलं असन. या." आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले.

त्या माणसानं जो लाफा मारला तो लोखंडी कपाटाला बसला. दुसरा माठाला. मराठीच्या बाई टेबलाखाली गेल्या. सर फक्त मान इकडून तिकडे करत होते, पाय जागचे हललेसुद्धा नाहीत. शेवटी तो गडी धापा टाकत खुर्चीवर बसला आणि हात चोळू लागला. सरांनी त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. "तुमचा उजवा चांगला हाय भाऊ," ते मनापासून म्हणाले, "पन मारायच्या आंधी तुमचं कोपर बाहीर येते. म्हनून समजते." मग चहा आला. निघताना तो माणूस सरांच्या पाया पडला आणि दारातून वळून म्हणाला, "सर, पोरगं भैताडच हाय तसं." केमिस्ट्रीच्या सरांनी त्या फुटलेल्या माठाचा विषय पुढं किती महिने चघळला, विचारू नका. ठोशाचा पुरावा म्हणून खापर जपून ठेवलं होतं त्यांनी.

आता मुख्य गोष्टीवर येते. सर दिग्रसजवळच्या एका बंजारा तांड्यातले. रोज मोटारसायकलनं येणं-जाणं. आणि तांड्यात होळीला जो खेळ होतो तो ज्यानं पाहिला नाही त्यानं आपल्याला बॉक्सिंग कळतं असं म्हणू नये, हे सरांचं मत. वर्षभरात ज्या घरी बाळ जन्मलं त्या घरापुढे खुंट रोवतात, त्याला पुऱ्या-गुळाचं भांडं बांधतात. बाया हातात काठ्या घेऊन ते राखतात. त्या गेरणी. पुरुषांनी ते भांडं पळवायचं. ते गेरिया. आणि काठ्या काही नाटकातल्या नसतात, बरं का. चांगल्या पाठी सुजतात. पुरुषानं हात उचलायचा नाही, फक्त चुकवायचं.

"सांगा आता," सर म्हणायचे, "एवढा मोठा शास्त्रशुद्ध खेळ दुनियेत कुठी हाय का?"

सरांची सगळी विद्या तिथली. लहानपणापासून दर होळीला ते भांडं घेऊन सुखरूप बाहेर. तांड्यातल्या एकाही बाईची काठी त्यांना लागत नसे. एक सोडून. ती म्हणजे त्यांची बायको. लग्न होऊन आली त्या पहिल्याच होळीला वहिनींनी त्यांना असा रट्टा दिला होता की सरांनी तिथल्या तिथं बसकण मारली. त्यानंतर दर वर्षी तेच. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये मोठ्या दिमाखात शर्टाची बाही वर करायचे. "पाहा! इथं! कशी मारली असन सांगा? मी डावीकडं गेलो, ती तिथं आंधीच उभी." तो हिरवा-निळा वळ ते आम्हाला असा दाखवायचे जसा कुणी नवीन सदरा दाखवतो. बाकीच्यायच्या बांगड्या आधी बोलतेत आन् काठी मंग येते, हिच्या बांगड्या वाजतच नाहीत, असं कौतुक. केमिस्ट्रीचे सर एकदा म्हणाले, "मंग सगळ्यात मोठा मारनारा कोन, हे तरी मान्य करा." सर म्हणाले, "ते मान्यच हाय. घरी हाय न."

मी वहिनींना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्या चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. हसऱ्या, उंच, हात लांब. मला म्हणाल्या, "मॅडम, हे माणूस कालेजात काही काम करते का?" मी म्हटलं, "करतात की." त्या म्हणाल्या, "तुमी लई चांगल्या हा, खोटं बोलता."

मग एका दसऱ्याच्या सुमारास वहिनींना लकवा मारला. बोलणं आलं हळूहळू परत, पायही आला थोडा ओढत-ओढत, पण उजवा हात काही येईना. खाली लोंबकळत राहिला. सर रजेवर गेले, आणि परत आले त्या दिवशी आम्ही सगळे चेहरे पाडून बसलेलो, तर दारातूनच, "मॅडम, मी विचार करून राह्यलो, नाच्या मोठा का लवणारा?"

कुणी विचारलं, वहिनी कशा आहेत, की डावा खांदा पुढे. "बऱ्या हायेत." आणि लगेच रुमालवाला. पुन्हा विचारलं की खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करायचे. माणसानं अक्षता चुकवाव्यात, पडदा चुकवावा, ठीक आहे, पण आमची विचारपूससुद्धा ते चुकवत होते. पुढं आम्हीच विचारणं सोडलं आणि त्यांच्याशी भांडू लागलो. लवणाऱ्यावरून मी इतकी तावातावानं भांडले आहे त्या दिवसांत की केमिस्ट्रीचे सर मला म्हणाले, तुम्ही पण गेल्या कामातून.

त्या वर्षीच्या होळीला वहिनी घराबाहेर आल्याच नाहीत. "मले काठी कोन धरून देईन?" म्हणाल्या आणि आतून कडी लावून घेतली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये आले, बाही खालीच होती. एकही काठी लागली नव्हती, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या होळीला त्यांच्याच घरी बाळ. मुलाला मुलगा झाला होता. आजोबा झालेल्या माणसानं खरं म्हणजे बाजेवर बसून बघायचं, पण सरांनी जाहीर केलं की नातवाचं भांडं आपणच काढणार. आणि तेव्हाच केमिस्ट्रीच्या सरांनी डाव टाकला. "एकही काठी न खाता बाहीर आले, तं तुमचा रुमालवाला जगात एक नंबर. लेखी देतो. पन एक जरी काठी लागली, तं हा विषय स्टाफरूममंधी कायमचा बंद. नाच्या नाई, लवनारा नाई, काहीच नाई."

सरांनी एका क्षणात टाळी दिली. "मंजूर!"

केमिस्ट्रीच्या सरांना गंमत वाटत होती, पण हा विषय गेला तर या माणसाकडं राहतं काय? दिवसभर कशाच्या आड लपणार ते? मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "सर, काहून पैज लावली?" ते हसले. "मॅडम, मले मारनारी एकच होती. ते तं घरात हाय." आणि हसता हसता चष्मा पुसायला लागले.

धुळवडीला आम्ही सगळे तांड्यावर. डफ वाजतोय, होळीची लेंगी गाणी चालू आहेत, पोराबाळांचे चेहरे ओळखू येत नाहीत. केमिस्ट्रीचे सर पांढरं स्वच्छ धोतर नेसून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पंच म्हणून उभे, म्हणजे अंगाला काही लागायला नको. सरांच्या सुनेनं माझ्याही हातात एक ओली काठी दिली. मी गणिताची बाई, बाभुळगावची माहेरवाशीण, आयुष्यात झुरळावरसुद्धा चप्पल उगारली नव्हती. पण काय सांगू, काठी हातात आली आणि अंगात काहीतरी संचारलं!

सर आले. काय ते येणं! कापसाची गाठ वाऱ्यावर निघाली म्हणा. पंधरा-वीस बाया काठ्या उगारून, आणि हे मधून असे सरकतायत की काठीवर काठी आपटते, बाई बाईवर आदळते. एकीनं मारलेली काठी दुसरीच्या काठीत अडकली. मी डोळे मिटून जो फटका हाणला तो खुंटाला बसला आणि माझ्या दंडापर्यंत झिणझिण्या आल्या. बाजूनं जाता जाता सर ओरडले, "मॅडम, कोपर!" मी इतकी हसले की काठीच टाकली हातातली.

"नाई लागली! अजून नाई लागली!" ट्रॉलीवरून पंच ओरडत होते, आता त्यांचाच आवाज रडवेला झालेला.

सरांचा हात भांड्याला लागला. गाठ सुटत होती. आणि तेवढ्यात डफ थांबला.

दारात वहिनी उभ्या होत्या. हिरवी-लाल फेटिया, म्हणजे त्यांचा तो घेरदार घागरा, डोक्यावरून ओढणी, डाव्या हातात काठी. उजवा हात तसाच बाजूला लोंबलेला. सून ओरडली, "याडी!" म्हणजे आई, आणि बायांनी आपोआप वाट करून दिली. त्या पाय ओढत ओढत आल्या.

सरांच्या तोंडाकडं मी पाहिलं. एवढा आनंद आणि एवढी पंचाईत एकाच माणसाच्या तोंडावर मी पुन्हा पाहिलेली नाही. त्यांनी भांडं सोडलं, हात खाली टाकले, डोळे मिटले आणि पाठ पुढं करून उभे राहिले. पैज गेली खड्ड्यात.

वहिनींनी काठी उचलली आणि खाली घेतली.

"उभे काहून राह्यले?"

"मार न," सर डोळे मिटूनच म्हणाले.

"भिताडाले मारते का कोनी? पया!"

"अवो, मार तं..."

"माही कीव करून राह्यले का?" वहिनींचा आवाज चढला. "दीड वर्सापासून घरात कीव, बाहीर कीव. होळीलेबी कीवच का? पया म्हनलं न मी! नाईतं हे काठी टाकतो आन् जातो घरात!"

सरांनी डोळे उघडले. आणि पळाले. बाया किंचाळल्या, डफ पुन्हा सुरू झाला. वहिनींची पहिली काठी हवेत गेली. दुसरी सरांच्या कानाशेजारून. तिसरीला त्या स्वतःच भेलकांडल्या आणि सुनेला धरून हसत सुटल्या. सरही हसत होते, आता त्यांनी खरंच रुमाल अंथरल्यासारखा एका जागी ताल धरला होता, खांदा, मान, गुडघा, मस्तीत आले होते अगदी. "ये! अजून ये!"

वहिनी थांबल्या. श्वास घेतला. आणि उजवा हात वर गेला. रिकामा, थरथरणारा, पण वर गेला, खांद्याच्याही वर. त्याच वेळी डाव्या हातातली काठी खालून आली आणि सरांच्या ढुंगणावर असा काही आवाज झाला की ट्रॉलीवरचे पंच दचकून खाली रंगाच्या टाकीत पडले.

"लागली!" टाकीतूनच आरोळी आली. "विषय बंद!"

"बंद!" सरांनी जमिनीवर बसल्या बसल्या हात वर केला.

आणि खरंच बंद झाला. शब्दाचा माणूस. पुढं केमिस्ट्रीचे सरच कासावीस होऊन विषय काढायचे, "बरं, तो तुमचा खांदेवाला..." तर सर हसायचे आणि वह्या तपासायला घ्यायचे. वहिनींबद्दल विचारलं की मात्र आता खुर्ची ओढून सगळं सांगायचे, किती घास स्वतःच्या हातानं खाल्ले, कोणत्या बोटात काय आलं, पार कंटाळा येईपर्यंत. मी यवतमाळला बदलून आले तोवर हेच चालू होतं.

पण त्या दिवशी, तांड्यावर, मी त्यांना पाणी नेऊन दिलं तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी हळूच विचारलं, "सर, खरं सांगा. मुद्दाम खाल्ली न?"

सर एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "मुद्दाम? मी बेइमान हाय का मॅडम? तिच्याशी मी बेइमानी करीन?"

"मग चुकवली काहून नाही? एवढी सरळ काठी?"

सरांनी पेला खाली ठेवला. पलीकडं बाया वहिनींभोवती कोंडाळं करून नाचत होत्या, तिकडं बघत ते म्हणाले, "तिनं उजवा हात उचलला न. तो हात कपायापर्यंत जात नाई मॅडम. सकाळी कुंकू मीच लावून देतो तिले, रोज वाकडंच लागते. आन् आज वर गेला. डोस्क्याच्या वर गेला. मी म्हनलं, अबे, गेला वर! आन् पाहतच राह्यलो."